महादेवजींची चौकशी

मागच्या महिन्यात एक जोडपं खोली पाहायला आलं. शांता, म्हणजे माझी बायको, आजारात जिथं निजायची ती मागची खोली. ती गेल्यावर वर्षभर मी त्या खोलीचं दार उघडलं नाही. पोरगा म्हणतो, भाड्यानं द्या, घरात माणसाचा आवाज तरी राहील. म्हणून दाखवली. नवरा-बायको चांगले वाटले. बाई खिडकीतून मागचा पेरू पाहत होती. आणि मी त्या पोराला विचारून बसलो, "नोकरी पर्मनंट आहे का? कपडा कोण देते?" दुसरा सवाल त्याला कळलाच नाही. तो आपल्या अंगातल्या शर्टाकडे पाहायला लागला.

ते गेल्यावर मी ओसरीत बसून राहिलो. तो सवाल माझा नव्हताच. महादेवजींचा होता. शांता असती तर तिनं आतूनच ओळखला असता आणि पीठ लागलेल्या हातानं हसत बाहेर आली असती. आता महादेवजी कोण हे जाणणारं या घरात माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. म्हणून सांगून ठेवतो.

महादेवजी आमचे घरमालक. लकडगंजच्या मागच्या अंगाला, लाकडं कापणाऱ्या आरा मशिनींचा आवाज जिथं दिवसभर कानात बसतो, तिथं त्यांच्या खोल्यांची ओळ होती. वर कवेलू, पुढं सगळ्यांचा मिळून एक ओटा, टोकाला नळ. माणूस अंगानं लहान. धोतर, बंडी, काळी टोपी, आणि बारा महिने काखेत छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती बोट दाखवायला होती. सावनेरकडचं शेतकरी घर त्यांचं. भावांत वाटण्या झाल्या तेव्हा आपला हिस्सा भावांनाच विकून ते नागपुरात आले आणि खोल्या बांधल्या. जन्मात त्यांनी कोणाची चाकरी केली नाही. पण नोकरी या गोष्टीवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा मी देवळात बसलेल्यांचाही पाहिला नाही.

सकाळी कापड मिलचा भोंगा वाजला की महादेवजी ओट्यावर येऊन उभे राहत. मग एकेक गडी निघे. रेल्वेतला पॉइंट्समन, टपाल खात्यातला पोस्टमन, कोर्टातला पट्टेवाला, मिलमधला मधुकर, आणि सगळ्यात शेवटी मी. प्रत्येकाला ते विचारत, "निघाले का?" जसे काही आमचे साहेबच. दिवसा घरात बसलेला गडी त्यांना पाहवत नसे. कोणी सुटी घेतली तर मेला. तब्येत बरी नाही का, सुटी मंजूर झाली का, साहेब नाराज तर नाही ना, असं दर तासाला विचारत. पोस्टमनला एवढा कंटाळा आला की तो सुटीच्या दिवशीही खाकी घालून निघे, चौकातल्या हॉटेलात चहा पिई आणि मागच्या गल्लीतून घरात शिरून झोपे. महादेवजींना ते ठाऊक होतं असं शांता म्हणायची. माणूस निघताना दिसला की त्यांचं भागत असे.

वस्तीतले लोक म्हणत, बुढा भाड्याच्या लोभानं असं करते. खोटं आहे. त्यांनी एकदा नळावर शांताला सगळं सांगितलं, तेव्हा मी दाढी करत बसलो होतो, मी ऐकलं. त्यांचा पहिला भाडेकरू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा होता. देखणा माणूस, बोलायला गोड, सोबत म्हातारी आई. लग्नसराई संपली की त्याला काम नसे. एकदा कोण्या पार्टीसोबत रायपूरकडे गेला तो गेलाच. म्हातारी मागं राहिली. महादेवजींची बायको तेव्हा जिवंत होती, ती म्हातारीचं दोन वेळचं ताट वाढायची. म्हातारी रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसे आणि महादेवजी बाजारातून आले की विचारे, माह्या पोराले पाहिलं का गा? महादेवजी म्हणत, उद्या येतो म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हातारी त्याच खोलीत गेली. अग्नी महादेवजींनी दिला.

"भाड्याचं सोडून दे, शांताबाई," ते म्हणाले. "रोज खोटं बोलून बोलून माही जीभ जड झाली होती. तवापासून ठरवलं, ज्याले खुंटा नाही त्याले खोली नाही. नोकरी म्हणजे खुंटा आहे वं. बांधलेलं जनावर सांजच्याले जागेवर सापडते."

म्हणून त्यांची चौकशी. ते तिला चौकशीच म्हणत. कागद दाखवला तर पाहत नसत. कागद कोणीही आणते, म्हणत. छत्री घेऊन स्वतः त्या माणसाच्या कामाच्या ठिकाणी जात आणि गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर बसत. माणूस वेळेवर आत जातो का, चौकीदार त्याला नावानं हाक मारतो का, सुटल्यावर कोणासोबत निघतो. आणि सगळ्यात मोठा सवाल, कपडा कोण देते, म्हणजे वर्दी कोणाची. ज्याच्या मापाचा कपडा सरकारनं शिवला त्याला सरकार लवकर काढत नाही, असा त्यांचा हिशोब होता. एकदा एका खाजगी कॉलेजातला प्रोफेसर खोली पाहायला आला. टाय लावलेला, बोलणं एकदम सफाईचं. महादेवजींनी विचारलं, कपडा कोण देते? तो म्हणाला, मीच शिवून घेतो, सदरच्या टेलरकडून. गेला बिचारा तसाच. आठ दिवसांनी तीच खोली सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डबॉयला मिळाली. कोर्टातला पट्टेवाला म्हणाला, महादेवजी, तुमच्या घरी साक्षात विष्णू आले तर पितांबर कोण देते म्हणून वापस पाठवाल. महादेवजी हसले नाहीत. म्हणाले, त्याची नोकरी पक्की आहे.

मग मला खोली कशी मिळाली? मी आरा मशीनवर. शेठची खाजगी नोकरी, वर्दी नाही, चौथीपर्यंत शिकलेला माणूस. नवीनच लग्न झालं होतं आणि कुठंच जागा मिळत नव्हती. महादेवजींनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. ते दार लोटायला लागले. माझ्यामागं डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली शांता पुढं आली. नवी नवरी परक्या म्हाताऱ्या माणसाशी बोलेल असं माझ्या मनातही नव्हतं. तिनं माझा डावा हात धरला आणि त्यांच्या नाकासमोर नेला.

"मामाजी, याहिची दोन बोटं त्याच मशीनवर गेली. आता याहिले दुसरीकडे कोण ठेवते? अन् शेठ तरी कसा काढन? रोज हात दिसते नं त्याले."

महादेवजींनी माझा हात घेऊन उलटासुलटा केला, बैलाचा खूर पाहावा तसा. तरी चौकशीला आलेच. अर्धा दिवस मशीनसमोर बसले, माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. संध्याकाळी सांगितलं, "हा पर्मनंट आहे." जन्मभर शांता त्या खोलीला बोटांची खोली म्हणायची.

महादेवजींना एकच लेक, कुसुम. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. मग ती आमच्याच चुलीपाशी मोठी झाली. शांता तिच्याहून थोडीच मोठी, पण कुसुम तिला काकू म्हणायची आणि सगळं तिला सांगायची. त्या दिवसांत कोराडीचं वीजघर बांधणं चालू होतं. गावोगावची पोरं तिथं रोजंदारीवर लागली होती. वसंता नावाचा एक त्यातलाच. खोली पाहायला आला तेव्हा खाकी पँट घालून आला. महादेवजींचा चेहरा खुलला. कपडा कोण देते? वसंता हसून म्हणाला, मीच घेतला, सिमेंट-मातीत मजबूत राहते म्हणून. संपलं. त्यानं पलीकडच्या गल्लीत जागा पाहिली. पण त्याच्या बसच्या वेळेला कुसुमचं नळावर काम निघायला लागलं. शांतानं ते पाहिलं, आणि पाहिल्यावर गप्प बसणारी ती नव्हती. सरळ महादेवजींसमोर जाऊन बसली. पोरगा चांगला आहे, दारू नाही, गावाकडे आईला पैसे पाठवतो, पोरीच्या मनात आहे.

महादेवजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्याले मी खोली देत नाही वं, त्याले पोरगी देऊ?"

"खोली अन् पोरगी एकच आहे का मामाजी?"

"नाही. खोलीचा माणूस बदलता येते."

शांता उठून घरी आली. पुढं तो वसंता कोराडीत पर्मनंट झाला, त्याला क्वार्टर मिळालं. हे मी सांगणार नव्हतो, पण लोक विचारतातच. कुसुमला तो पुन्हा कधी दिसला का मला माहीत नाही. शांताला माहीत असेल. तिनं सांगितलं नाही.

कुसुम मधुकरला दिली. नळाशेजारच्या खोलीतला, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर. त्याचा बापही त्याच मिलमधून म्हातारा होऊन निघाला होता. महादेवजी त्याला वर्षानुवर्षं रोज पाहत होते, तरी लग्नाआधी आठवडाभर मिलच्या गेटासमोर जाऊन बसले. परतले ते खूश होऊन. म्हणाले, बाकीच्यांना सरकार कपडा देते, हा तर कपडाच बनवते. लोक उघडे फिरायला लागतीन तवा मिल बंद पडन.

आणि मी खोटं बोलणार नाही, मधुकर सोन्यासारखा माणूस होता. साच्याच्या आवाजानं त्याला कानानं कमी ऐकू यायचं. मिलमध्ये ते लोक ओठांवरून बोलणं ओळखत. त्यानं कुसुमला ते शिकवलं. मग ती दोघं ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज न करता बोलायची. तिचे ओठ हलले की तो तिकडे हसायचा. आम्ही मधे बसलेले, आम्हाला काही कळायचं नाही. शांता म्हणाली, रमली पोरगी. त्यांना एक पोरगी झाली. महादेवजी तिला घेऊन सकाळी ओट्यावर उभे राहत आणि दोघं मिळून सगळ्यांना रवाना करत.

मग एका सकाळी भोंगा वाजला नाही.

महादेवजींना घड्याळाची सवय नव्हती. ऊन ओट्यावर आलं तसे ते बाहेर आले आणि उभे राहिले. मधुकर डबा घेऊन गेला होता, तो थोड्या वेळानं डबा घेऊनच परत आला. गेटाला कुलूप होतं. आत घाटा झाला म्हणे, मालकाचं आणि बँकेचं काही म्हणे, आम्हाला काय कळणार. आठ दिवसांत उघडेल असं सगळे म्हणत होते.

त्या मिलमध्ये बदलीवर, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी, जाणारे जे होते, ज्यांना महादेवजींनी कधी दारात उभं केलं नाही, ते महिना-दोन महिन्यांत पांगले. कोणी भाजीचा ठेला लावला, कोणी रिक्षा धरली, कोणी भिवंडीला गेला. बसून राहिले ते पर्मनंट लोक. त्यांची भीती वेगळी. दुसरं काम धरलं आणि उद्या गेट उघडलं तर नाव कटेल, इतक्या वर्षांचा हक्क जाईल. माझ्या शेठला तेव्हा फळ्या मोजायला माणूस पाहिजे होता. मी मधुकरला विचारलं. तो तयार होता, उठून उभाही राहिला. पण त्यानं सासऱ्याकडे पाहिलं.

"पर्मनंट माणूस टेम्परवारी कामाले काहून जाईन गा?" महादेवजी मला म्हणाले. "उद्या गेट उघडलं अन् हा तुह्या मशीनवर सापडला त? मंग?"

मधुकर खाली बसला.

महादेवजी आता रोज मिलच्या गेटावर जाऊ लागले. तीच टपरी, तीच छत्री. आधी माणसाची चौकशी करत, आता कुलपाची. टपरीवाला त्यांना चिडवे, या मालक, चावी आणली का. तिथला चौकीदार दयाळू होता, काही ना काही सांगे. साहेबाची गाडी येऊन गेली. आतला बॉयलर साफ करायला माणसं आली होती. दिवाळीनंतर नक्की. महादेवजी ते घरी आणत आणि मधुकरच्या दारात उभे राहून सांगत. मधुकरला ऐकू कमी यायचं, म्हणून मोठ्यानं सांगत. सगळी ओळ ऐके. मधुकर मान डोलवे आणि पुन्हा खाटेवर आडवा होई.

एक गोष्ट मात्र बदलली. सकाळी ओट्यावर उभं राहणं महादेवजींनी बंद केलं. आम्ही निघायच्या वेळेला ते दार लोटून आत बसत. त्यांचा स्वतःचा जावई दिवसा घरात होता, ते कोणाला काय विचारणार? पोस्टमन एक दिवस मला म्हणाला, साला, कोणी विचारत नाही तर ड्युटीवर गेल्यासारखंच वाटत नाही.

घर कुसुमनं चालवलं. संत्र्याचा हंगाम आला की आमच्या मशीनवर पेट्यांच्या पातळ फळ्या निघत. बाया त्या घरी नेऊन खिळे ठोकून पेट्या करत. मी कुसुमला फळ्या आणून देऊ लागलो. ती ओट्यावर बसून दिवसभर ठोके. मधुकर समोर बसून फळी धरे. साच्यावर हजार धागे सांभाळलेला माणूस, फळी धरून बसायचा. ठोकण्याचा आवाज सुरू झाला की महादेवजी छत्री घेऊन निघून जात.

असं वर्ष निघालं आणि दुसरंही अर्धं गेलं. एका संध्याकाळी ते नवी बातमी घेऊन आले. टपरीवाल्यानं ऐकलं होतं, दुसरा मालक येतो आहे, जुन्या लोकांनाच घेणार आहे. कुसुमच्या तोंडात खिळे होते. तिनं ते एकेक काढून फळीवर ठेवले. शांता आणि मी दारातच होतो.

"बाबा, तुम्ही गेटवर जाणं बंद करा," ती म्हणाली. "तुम्ही बातमी आणता, म्हणून हे उठत नाहीत."

"तुह्या चांगल्यासाठीच जातो नं वं मी."

"माहीत आहे. माह्या चांगल्यासाठीच तुम्ही खुंटा पाहिला. आता खुंटा उखडला बाबा, अन् तुम्ही याहिले तिथंच बांधून ठेवलं."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, आणि पुन्हा खिळे तोंडात धरून ठोकायला लागली. महादेवजी ओट्याच्या कडेला बसले. मधुकरला यातलं किती ऐकू आलं माहीत नाही, पण त्यानं कुसुमचे ओठ पाहिले होते. त्यानं फळी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी महादेवजी गेटावर गेले नाहीत. त्यानंतरही कधी नाही.

कोराडीला एक ठेकेदार राख उचलायला माणसं घेत होता. मधुकरनं स्वतःच जाऊन नाव दिलं. हजेरी पहाटेची, आणि नागपूरहून पहिली बस तिच्या नंतरची. म्हणून खोली तिकडेच पाहिजे होती. कुसुमलाही इथून निघायचं होतं. येणारा जाणारा ओट्यावरून तिच्या घरात पाही, ते तिला नको झालं होतं. महादेवजी माझ्याकडे आले. म्हणाले, चाल गा, खोली पाहून येऊ.

आम्ही बसनं गेलो. चिमण्यांचा धूर, झाडांच्या पानांवर राख, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर राख. तिथल्या शेतकऱ्यांनी वीजघरामुळं घराला लागून खोल्या काढल्या होत्या. पहिल्या घरी महादेवजींच्याच वयाचा एक माणूस खाटेवर बसला होता. त्यानं पाणी दिलं आणि विचारलं, कोणत्या कामावर आहे? पर्मनंट आहे का? मी खोटं बोलायला तोंड उघडलं. महादेवजींनी छत्रीचं टोक माझ्या पायावर दाबलं.

"नाही," ते म्हणाले. "ठेकेदाराकडे आहे. टेम्परवारी."

त्या माणसानं हात जोडले. दुसऱ्या घरीही तेच झालं. रस्त्यावर आल्यावर मी त्या मालकांना शिव्या द्यायला लागलो. माझं तोंड तसं खराबच आहे. महादेवजी एका निंबाखाली थांबले, टोपी काढून राख झटकली. इतक्या वर्षांत मी त्यांचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. सगळं पांढरं झालं होतं.

"शिव्या देऊ नको गा. त्यानं बरोबर विचारलं. मीबी दिली नसती." टोपी पुन्हा घालून म्हणाले, "त्यानं पाणी तरी दिलं. मी पाणीबी विचारत नव्हतो."

तिसरं घर एका विधवा बाईचं. दारात म्हैस, मागं एक खोली, पत्र्याची. बाई खमकी होती. तिनं सगळं विचारलं आणि मग म्हणाली, "ठेकेदारानं काढलं अन् तुमचा जवई निघून गेला, त मी कोणाले धरू?"

"मले धरा," महादेवजी म्हणाले. "मी राहतो इथं. नागपूरले माह्या खोल्या आहेत, तुम्ही पाहून या, चौकशी करा. तो जाईन त जाईन. मी कोठी जात नाही."

बाईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोताचं घर असून इथं पत्र्यात काहून राहता बाप्पा?"

"पोरगी राहणार आहे म्हणून," ते म्हणाले.

खोली मिळाली. जन्मभर घरमालक असलेला माणूस म्हातारपणी भाडेकरू झाला. निघताना त्यांनी नागपूरच्या खोल्या आमच्यावर सोपवल्या. कोणी खोली मागायला आलं तर काय विचारायचं, मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तू काही विचारू नको, शांताबाईले पाहू दे. तिले माणूस दिसते, मले त फक्त गेट दिसे. हातगाडीवर सामान बांधलं होतं. त्यावर नात बसली होती. ओट्यावर सगळी ओळ उभी होती. पोस्टमन म्हणाला, निघाले का महादेवजी? ते मागं न पाहता हो म्हणाले.

मिल त्यांच्या हयातीत पुन्हा उघडली नाही.

त्या हिवाळ्यात शांता आणि मी तिळाचे लाडू घेऊन कोराडीला गेलो. एक खोली, तिच्यात कुसुमचं सगळं. महादेवजींची खाट बाहेर, गोणपाटाच्या आडोशाला. राखेनं त्यांना खोकला लागला होता, डोळ्यांनाही कमी दिसत होतं. बोलले थोडं. खोल्यांचं काही विचारलं नाही. कुसुमनं चहा केला. ती वाळली होती, पण कपाळावरची आठी गेली होती. दिवस कलला तसे महादेवजी बोलता बोलता उठले आणि रस्त्याकडे निघाले. कुसुम म्हणाली, रोज जातात, किती सांगा, ऐकत नाहीत. आमचीही बस तिथूनच होती. आम्ही मागोमाग निघालो.

ती आमची शेवटची भेट. होळीनंतर निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही बसमध्ये चढून बसलो तेवढ्यात ठेकेदाराचा ट्रक येऊन थांबला. माणसं उड्या मारून उतरली. डोक्यापासून पायापर्यंत राख, नुसते डोळे दिसत होते. कोण कोणता ते आम्हालाही ओळखू येईना. महादेवजी त्यांच्यात शिरले. एकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन पाहिलं, तो हसून बाजूला झाला. दुसऱ्याचा दंड धरला, सोडला. मधुकर मागून येत होता. त्यानं हाक मारली नाही. जवळ येऊन त्यांच्या काखेतली छत्री काढून घेतली, तेव्हा महादेवजी वळले आणि त्यांनी त्याचं मनगट पकडलं. दुसऱ्या हातानं त्याचा डबा घेतला. दोघं वस्तीकडे चालायला लागले.

बस सुटली. खिडकीशी शांता होती. ती मान वळवून मागं पाहत राहिली, पार वळणापर्यंत. मी विचारलं, काय दिसते वं?

ती म्हणाली, "अजून मनगट सोडलं नाही त्याहिनं."